बालकल्याणातील कुटुंब-बैठक : नोंद झाली, खतावणी कधी?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बाळकुम येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



बालगृह हा शब्द कानी पडला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अनाथ मूल उभे राहते. वस्तुस्थिती निराळी आहे. बालगृहात राहणाऱ्या पुष्कळ मुलांना आई असते, वडील असतात, काहींना दोघेही असतात. आजी, मामा, आत्या, मोठी बहीण असे कोणी ना कोणी तर बहुधा असतेच. गरिबी, दीर्घ आजार, दारू, घरातील मारहाण, आईवडिलांचा विभक्त संसार अशा कारणांनी घर अपुरे पडलेले असते आणि मूल बाहेर आलेले असते. अशा मुलाच्या बाबतीत निवारा आणि जेवण यांची सोय हा कामाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्याच्या घरच्या माणसांना एकत्र बसवून, या मुलाचे पुढे काय करावयाचे, हे ठरविणे. त्या बसण्याला येथे कुटुंब-बैठक म्हटले आहे. बैठका होतात, त्यांची नोंदही होते. मात्र त्या बैठकीने मुलाचे काही भले झाले काय, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. आजचा विषय त्या हिशेबाचा आहे.

बाळकुमच्या रहिवाशांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. येथून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. तेथील गोदामांत व यंत्रमागांवर दूरदेशीची माणसे राबतात. बाळकुम-ढोकाळी-कोलशेत या पट्ट्यातील कारखान्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, त्यांचे बांधकाम करणारी कुटुंबे काम संपताच पुढच्या जागेवर गेली. कल्याण हे तर देशाच्या निम्म्या दिशांकडून येणाऱ्या गाड्यांचे जंक्शन. घरातून रागावून निघालेला मुलगा ज्या फलाटांवर उतरतो, त्यांत कल्याण आणि ठाणे ही दोन नावे येतातच. ठाण्यातील समतोल फाउंडेशनने अशा स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांसाठी मनपरिवर्तन शिबिरे भरविली आणि शिबिराच्या अखेरीस पालकांना बोलावून मूल त्यांच्या हाती देण्याचा प्रघात ठेवला. मूल नुसते गाडीत बसवून परत पाठवावयाचे नाही, तर घराला येथपर्यंत आणावयाचे, ही त्यामागील दृष्टी मोलाची आहे.

परंतु सर्वसाधारण बैठक कशी होते, ते पाहू. पुढील उदाहरण कोणा एका मुलाची हकीकत नव्हे. अशा कामात वावरणाऱ्यांना ते परिचयाचे वाटेल, एवढेच. समजा, दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कल्याण स्थानकावर सापडला. त्याला बालकल्याण समितीपुढे उभे करण्यात आले व बालगृहात ठेवण्यात आले. वडिलांचा ठावठिकाणा लागला. ते नाक्यावर रोजंदारीची वाट पाहणारे मजूर. बैठक बुधवारी सकाळी अकराला. म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडे वेगळे. ते आले, बाकावर बसले, विचारले तेवढ्याचे उत्तर दिले आणि दाखविले तेथे सही केली. आई गावी, तिला कोणी कळविले नाही. मुलगा दाराशी उभा होता, त्याला एकच प्रश्न विचारला गेला, "घरी जाणार ना?" त्याने मान हलविली. इतिवृत्तात एक ओळ पडली : पालकांचे समुपदेशन करून बालकाचा ताबा दिला. तीन महिन्यांनी तोच मुलगा इगतपुरीच्या फलाटावर सापडला. जिल्हा निराळा, समिती निराळी, फाइलही नवी. कल्याणच्या कागदावर मात्र तो 'यशस्वी पुनर्वसन' या सदरातच राहिला.

व्यापारी घराण्यातील श्रोत्यांना यातील दोष चटकन उमगेल. रोजमेळ लिहिला गेला आहे; खतावणी झालेली नाही. दिवसाची नोंद पडली, पण ती त्या त्या खात्यावर चढलीच नाही. केवळ रोजमेळावरून वर्षाअखेर नफा की तोटा हे कोणता मुनीम सांगू शकेल?

कायद्याने या बाबतीत अगदीच हात राखलेला आहे असे नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला आणि चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ साली स्थापन झाली. म्हणजे या प्रांताला या कामाची शंभर वर्षांची परंपरा आहे. आज लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ सालचा असून २०२१ साली त्यात सुधारणा झाली. मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि समितीचा अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत व्हावा, अशी रचना आहे. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा तयार करावयाचा असतो. कायद्याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे सांगितली आहेत, त्यांत मुलाचे म्हणणे ऐकून घेणे, कुटुंबाची जबाबदारी प्रथम मानणे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजणे, ही तिन्ही आहेत. तत्त्व उत्तम आहे. मात्र घरची माणसे बसवून निर्णय घेण्याची पद्धत कशी असावी आणि तिचे फलित कसे तपासावे, हे बव्हंशी परिविक्षा अधिकाऱ्याच्या, समितीच्या आणि संस्थेच्या कुवतीवर व सवडीवर राहते. एका अधिकाऱ्याकडे किती मुलांची प्रकरणे असतात हे पाहिले, तर त्याला दोष देण्यास जीभ रेटत नाही.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मंदिराशी ज्यांचा ऋणानुबंध आहे, त्यांना श्रीपालकथा मुखोद्गत असेल. याच ठाण्याच्या राजदरबारात धवल शेठने पैसे चारून काही माणसे उभी केली व श्रीपाल आमच्याच कुळातला, असे त्यांच्याकडून वदविले. राजाने तेवढ्यावर विश्वास ठेवला आणि अनर्थ ओढवू लागला. खरी ओळख पटली ती जहाजावरील स्त्रियांना विचारल्यानंतर. नाते सांगणारा प्रत्येक जण नातेवाईक नसतो आणि जो खरे सांगू शकेल तो पुष्कळदा दरबारात हजरच नसतो, एवढा बोध बालकल्याणाच्या चौकशीलाही लागू आहे.

कुटुंब-बैठकीला कायद्यात ठळक स्थान देणारा पहिला देश न्यूझीलंड. तेथील माओरी समाजाची मुले मोठ्या प्रमाणावर घरापासून दूर सरकारी देखरेखीत जात होती. आईबाप दुबळे ठरले तरी आजोबा, मावश्या, चुलते यांचे मोठे गोत शिल्लक असते, त्याला कोणी विचारीतच नाही, ही माओरींची तक्रार होती. १९८९ च्या कायद्याने कुटुंब-सभा ही पद्धत आणली. तिचे तीन टप्पे. प्रथम अधिकारी व जाणकार घरच्यांना परिस्थिती सांगतात. मग ते सर्व बाहेर जातात व घरची माणसे एकटीच आपसांत विचार करतात. शेवटी त्यांनी ठरविलेली योजना सर्वांपुढे मांडली जाते आणि मुलाच्या सुरक्षिततेला बाध येत नसेल तर ती मान्य होते. यातील मधला टप्पा सर्वांत महत्त्वाचा. साहेब समोर बसलेले असताना घर कधीच खरे बोलत नाही, हे महाराष्ट्रातही कोणी सांगावयास नको. ही पद्धत पुढे ब्रिटन, स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशी पसरली.

आणि मग प्रश्न आला, उपयोग होतो काय? येथे मात्र उत्तरे परस्परांशी जुळली नाहीत, आणि त्यामुळेच ती पाहण्याजोगी आहेत.

स्वीडनमध्ये सुंडेल आणि विनरलुंग या संशोधकांनी कुटुंब-सभा झालेली ९७ मुले आणि नेहमीच्या पद्धतीने चौकशी झालेली १४२ मुले यांचा तीन वर्षे मागोवा घेतला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. सभा झालेल्या मुलांविषयी पुन्हा तक्रारी अधिक आल्या आणि घराबाहेर त्यांचा काळही अधिक गेला. सभा फसली, असे म्हणून वही मिटता आली असती. पण त्याच अभ्यासात आणखी एक नोंद होती. त्या तक्रारी अधिक वेळा विस्तारित कुटुंबातील माणसांनीच केल्या होत्या. याचा अर्थ काय लावावा? घरात त्रास वाढला, की पूर्वी गप्प बसणारी आत्या आता लक्ष ठेवू लागली आणि वेळीच फोन करू लागली? आकडा एकच, वाचन दोन. ज्या मोजमापात 'पुन्हा तक्रार' म्हणजे सरसकट अपयश असे धरले जाते, त्यात ही जागरूक आत्या तोट्याच्या बाजूला जमा होते.

२०१६ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी १४ तुलनात्मक अभ्यास एकत्र करून पाहिले; त्यांत मिळून ८८,४९५ व्यक्ती होत्या. एकंदरीत कुटुंब-सभेचा निश्चित लाभ दिसला नाही, आणि अभ्यास कोणत्या रीतीने केला यावर उत्तर बदलत होते. जुन्या कागदांवरून मागे वळून केलेल्या अभ्यासांत पद्धत उजळ दिसे. आरंभापासून पुढे मागोवा घेतलेल्या अभ्यासांत ती चमक राहत नसे. याचे एक कारण सहज समजण्यासारखे आहे. बैठकीला जी कुटुंबे येतात ती मुळातच थोडी सावरलेली, मुलाविषयी ओढ असलेली असतात. त्यांचे मूल घरी टिकले, तर श्रेय बैठकीचे की त्या ओढीचे? शिकवणीच्या वर्गाने हुशार मुलेच निवडून घ्यावीत आणि निकालाची जाहिरात करावी, त्यातलाच हा प्रकार.

ही अडचण टाळण्यासाठी इंग्लंडमध्ये, प्रकरण न्यायालयात जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबांपैकी कोणाला कुटुंब-सभेसाठी पाठवावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. २०२३ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. सभेसाठी पाठविलेल्या कुटुंबांतील सुमारे ३६ टक्के मुले वर्षभरानंतर सरकारी देखरेखीत होती. इतरांत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. शंभरांत नऊ मुलांचा फरक. चमत्कार नव्हे; परंतु त्या नऊ मुलांच्या बाजूने पाहिले तर लहानही नव्हे. योग्य वेळी, पुरेशी तयारी करून, तटस्थ संयोजकाच्या हातून झालेली बैठक उपयोगी पडू शकते, इतके त्यावरून धरता येते.

महाराष्ट्रापुढे अशीच परीक्षा २०२० साली आली, आणि तीही कोणी न योजता. करोनाच्या साथीत संस्थांतील मुले घरी पाठविण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना, संस्थांतील मुले शंभर दिवसांत कुटुंबांकडे परत जातील असे पाहण्यास कळविले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जे आकडे आले, त्यांनुसार देशभरातील संस्थांतील २,२७,५१८ मुलांपैकी १,४५,७८८ मुले कुटुंबांकडे वा पालकांकडे परतली होती. या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. इतक्या मुलांच्या बाबतीत इतक्या थोड्या दिवसांत घरच्यांशी सविस्तर बोलणे होणे माणसांच्या मर्यादित बळात शक्य नव्हते. मूल घरी गेले, हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. घरी टिकले किती, शाळेत गेले किती, कामाला जुंपले गेले किती, हा हिशेब तितक्या ठळकपणे समाजापुढे आला नाही. दीड लाखाच्या आसपास खाती उघडली, आणि ताळेबंद नाही!

जैन समाजाच्या स्मरणात आणखी एक प्रसंग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १,२०० मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. वाघोलीचे केंद्र त्यातून उभे राहिले. हे काम मोठे होते, यात शंका नाही. अशा कामाचे मोजमाप किती मुले शिकली, किती नोकरी-व्यवसायाला लागली, यावर होते आणि ते योग्यच आहे. त्याच्या शेजारी एक रकाना आणखी हवा, गावाकडील आजीशी, काकाशी, उरलेल्या भावंडांशी मुलाचे नाते किती राहिले याचा. दानशूर समाज जेव्हा मुलाला आपल्या पंखाखाली घेतो, तेव्हा नकळत त्याच्या गोताची जागाही घेतो. आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्थेचे दार मागे मिटते तेव्हा त्या गोताची आठवण होते.

तर मग हिशेब कसा मांडावा? 'या महिन्यात वीस बैठका झाल्या' ही ओळ हिशेब नव्हे. पहिली चौकशी हजेरीची. मात्र कोण आले यापेक्षा कोण आले नाही, हे आधी लिहावे. आईच्या माहेरचे कोणी होते काय? मुलाला जिचा सर्वांत लळा आहे ती व्यक्ती बोलाविली होती काय? हा लळा कोणाचा, हे मुलाला विचारल्यावाचून कळत नाही आणि फाइलमध्ये त्यासाठी जागा नसते. बैठक कोणत्या भाषेत झाली, हेही नोंदवावे. भिवंडीच्या वस्तीतील भोजपुरी बोलणाऱ्या आईपुढे किंवा जळगावकडील अहिराणी बोलणाऱ्या आजोबांपुढे कार्यालयीन मराठीत आदेश वाचून दाखविला, तर सही मिळते, संमती मिळत नाही.

दुसरी चौकशी ठरावाच्या शब्दांची. 'मुलाकडे लक्ष देण्याचे पालकांनी मान्य केले' या वाक्याची उद्या तपासणी कशी करणार? 'शाळा सुटल्यावर वडील कामावरून येईपर्यंत मूल आत्याकडे राहील. जूनमध्ये दाखला आणण्याचे काम मामा करील' असे लिहिले, तर सप्टेंबरात फोन करून विचारता येते. अनेक ठराव केवळ पैशाअभावी मोडतात. आजीची इच्छा असते, ऐपत नसते. अशांसाठीच राज्याची बाल संगोपन योजना आहे. तिचे साहाय्य २०२१ पूर्वी दरमहा ४२५ रुपये होते. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि रक्कम २,२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम ४,००० रुपये आहे. बैठकीत हा अर्ज भरून घेतला की नाही, हा एक साधा रकाना पुष्कळ काही सांगून जाईल.

तिसरी चौकशी मुलाची, आणि ती एकट्याची. घरच्यांच्या देखत मूल घराविरुद्ध बोलत नाही, संस्थेच्या माणसांदेखत संस्थेविरुद्ध बोलत नाही. ज्या घरात मारहाण वा लैंगिक अत्याचार झालेला आहे तेथे तर सर्वांना एका खोलीत बसविणे हाच मुलावर दुसरा अन्याय ठरू शकतो. पोलीस यंत्रणेसोबत १९८४ पासून काम करणाऱ्या महिला व मुलांच्या विशेष कक्षांत एकत्र बैठक हे एक साधन आहे. पण पीडितेशी स्वतंत्र बोलणे आधी आणि एकत्र बसणे नंतर, तेही तिची इच्छा असेल तरच, हा क्रम सोडता येत नाही. बैठक न घेण्याचा निर्णयही काही वेळा योग्य असतो. म्हणून बैठकांची संख्या वाढली म्हणजे काम सुधारले, असे मानणे घातक होय.

मोजणी कोणी करावी? ज्याने बैठक घेतली त्याने नव्हे. दुकानदार स्वतःच्या वह्यांचे लेखापरीक्षण स्वतः करीत नाही, हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता ट्रस्टने काय करावे, हा प्रश्न. तिथीचे जेवण, वाढदिवसाचा गोडाचा डबा, वह्या-दप्तरांचे वाटप यांत भक्तिभाव आहे, आणि मुलांना तो दिवस आवडतोही. पण त्या दिवशीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत किंवा मोबाइलच्या गटांवर टाकू नयेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे काही प्रसिद्ध करणे कायद्याच्या ७४ व्या कलमान्वये गुन्हा असून, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही होऊ शकतात. खर्चाचा काही भाग घरच्यांच्या येण्याकडे वळविता येईल. नाशिक, जळगाव किंवा त्याहून दूरच्या आजीचे गाडीभाडे, मजुराची बुडालेली रोजी, रविवारी बसण्यासाठी एक शांत खोली आणि चहा. ही रक्कम एका मोठ्या भोजनसमारंभापेक्षा कमी भरेल. हे अर्थातच बालकल्याण समिती व जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्या परवानगीने आणि त्यांच्यामार्फत व्हावे. स्वयंसेवकाने मुलाची फाइल चाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रस्त्यात वा दुकानापुढे एकटे मूल दिसले तर मात्र परवानगीची वाट पाहू नये. १०९८ हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला, २०२३ पासून तो शासनाच्या यंत्रणेकडे आला, आणि क्रमांक तोच राहिला. असे मूल आढळल्याचे २४ तासांत न कळविणे हाही कायद्याने अपराध आहे.

वही लिहिण्याचे कसब मात्र या समाजाकडे पिढीजात आहे. नावे नसलेली, केवळ क्रमांकांची एक वही संस्थेनेच ठेवावी आणि ती कशी आखावी हे निवृत्त लेखापालांनी शिकवावे. चाळीस मुलांच्या बालगृहाला यासाठी संगणकाचीही गरज नाही. प्रत्येक मुलाला एक पान. बैठकीची तारीख, कोण आले, कोण आले नाही, काय ठरले, पैशाची सोय, मुलाचे स्वतःचे शब्द, तीन महिन्यांनी काय आढळले, सहा महिन्यांनी काय आढळले. शेवटचा रकाना मूल वर्षानंतर कोठे आहे याचा, आणि त्यातील तारीख बैठकीच्या दिवशीच लिहून ठेवावयाची.